बासनात गुंडाळलेली जनुकं: कर्करोगावरची ‘एपिजेनेटिक’ औषधं नेमकं काय करतात?

“हे केमो आहे की नाही, ते मला एकदा नीट सांग.”

खारघरला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू दारात उभ्या होत्या, हातात काकांची फाईल. काकांना गेल्या वर्षी एमडीएस निघालं. या आजारात बोन मॅरोत रक्तपेशी तयार व्हायला लागतात, पण धड वाढत नाहीत, कच्च्याच राहतात. काही रुग्णांत पुढे त्याचा तीव्र ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग होतो. काकांना दर महिन्याला सात दिवस अ‍ॅझासिटिडीनची इंजेक्शनं मिळतात. काकूंचे प्रश्न सरळ होते. केमो असेल तर केस का गेले नाहीत? तीन महिने झाले, हिमोग्लोबिन का चढत नाही? आणि डॉक्टर ‘एपिजेनेटिक औषध’ म्हणाले, ते काय असतं?

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं औषधांचे रेणू बनवायचं काम केलं, त्यातली काही याच जातीच्या रेणूंवर. हल्ली बातम्यांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हा शब्द सारखा दिसतो, आणि ‘जनुकं चालू-बंद करणारं औषध’ एवढं सांगून सोडून दिला जातो. त्यामुळे काकूंना त्या संध्याकाळी जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

मजकूर तोच, बासन वेगळं

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनएचा तोच मजकूर असतो. डोळ्याच्या पेशीत तोच, यकृताच्या पेशीत तोच. प्रथिनं बनवण्याच्या सूचना देणारी सुमारे २०,००० जनुकं त्यात आहेत. तरीही यकृत डोळ्यासारखं वागत नाही, कारण प्रत्येक पेशी या पोथीतली थोडीच पानं उघडी ठेवते. बाकीची बासनात गुंडाळलेली असतात.

हे बासन खरोखरचं आहे. एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर साधारण दोन मीटर भरतो, आणि तो मावतो मिलिमीटरच्या सुमारे दीडशेव्या भागाएवढ्या केंद्रकात. त्यासाठी तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, एकेका रिळावर पावणेदोनच्या आसपास वेढे. रिळं एकमेकांना चिकटून घट्ट बसली की तिथला मजकूर वाचता येत नाही. सैल झाली की वाचता येतो. मजकुराला हात न लावता, नुसत्या गुंडाळण्यावर आणि खुणांवर चालणारा हा कारभार म्हणजे एपिजेनेटिक्स. हा शब्द १९४२ मध्ये कॉनरॅड वॉडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने वापरात आणला. तेव्हा डीएनएची रचनासुद्धा कुणाला ठाऊक नव्हती.

गाठ मारणारे, गाठ सोडणारे

बासन बांधायचं आणि सोडायचं काम एन्झाइम करतात, शाळेच्या पुस्तकातली विकरं. प्रत्येक एन्झाइम एकच छोटं रासायनिक काम पुन्हा पुन्हा करतं. आपल्या विषयाला दोन खुणा पुरतात.

पहिली अ‍ॅसिटिल. व्हिनेगरमधल्या आम्लाचाच हा तुकडा. हिस्टोनच्या शेपटीवर धन विद्युतभार असतो, डीएनएवर ऋण, म्हणून दोघं एकमेकांना घट्ट धरतात. अ‍ॅसिटिल लागलं की शेपटीवरचा भार नाहीसा होतो आणि पकड ढिली पडते. बासन सुटतं. अ‍ॅसिटिल काढून टाकणाऱ्या एन्झाइमांना एचडॅक म्हणतात. ती बासन पुन्हा आवळतात.

दुसरी मिथिल. एक कार्बन, तीन हायड्रोजन, एवढीशी. ती थेट डीएनएवर लागते किंवा हिस्टोनवर. डीएनएवर जनुकाच्या सुरुवातीलाच दाटीने मिथिल लागले, तर ते जनुक बहुधा गप्प होतं. हिस्टोनवर मात्र ती कुठे लागली यावर अर्थ ठरतो: एका जागी ‘वाचा’, दुसऱ्या जागी ‘वाचू नका’.

कर्करोगाच्या पेशीत ही व्यवस्था विस्कटते. चुकीची पानं उघडी पडतात, आणि जी उघडी हवीत ती बासनात जातात. आतड्याच्या काही कर्करोगांत एमएलएच१ नावाचं, डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारं जनुक असं गप्प झालेलं सापडतं. त्याचा मजकूर शाबूत असतो, एक अक्षरही बिघडलेलं नसतं, फक्त त्यावर मिथिलचा थर बसलेला असतो. मला या विषयाने धरून ठेवलं ते याच गोष्टीने. फाटलेलं पान जोडणं महाकठीण, पण बांधलेलं बासन सोडता येण्याजोगं असतं.

काकांचं इंजेक्शन आणि कमी डोसाची गोष्ट

अ‍ॅझासिटिडीन १९६४ मध्ये तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात, प्राग शहरात तयार झालं. सुरुवातीला ते नेहमीच्या केमोसारखं, सोसवेल तेवढ्या मोठ्या डोसात दिलं गेलं. रुग्णांचे हाल झाले आणि औषध मागे पडलं. मग १९८० मध्ये पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी दाखवलं की उंदराच्या पेशींना हे औषध थोडं दिलं, तर त्या स्वतःचं रूप बदलतात, त्यांच्यातून स्नायूच्या पेशी तयार होतात. डीएनएवरचे मिथिल गळून पडत होते.

ते कसं? अ‍ॅझासिटिडीन दिसायला डीएनएच्या एका अक्षरासारखं असतं. विभागणाऱ्या पेशीत ते डीएनएत जाऊन बसतं. मिथिल लावणारं एन्झाइम, डीएनएमटी१, त्याला खरं अक्षर समजून हात लावतं आणि तिथेच चिकटून अडकतं. पेशी विभागत राहते, पण नव्या प्रतीवर मिथिल लावायला कुणी उरत नाही. प्रत्येक विभाजनागणिक खुणा विरळ होत जातात.

काकूंच्या दोन प्रश्नांची उत्तरं यातच आहेत. कमी डोसात या औषधाचा भर पेशी सरसकट मारण्यावर नसतो, आणि केस बहुतेकदा टिकतात. पण खुणा पुसल्या जायला पेशींच्या कित्येक पिढ्या जाव्या लागतात. म्हणून डॉक्टर किमान चार ते सहा फेऱ्यांआधी निकाल सांगत नाहीत. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन चढलं नाही म्हणून औषध सोडणं ही मोठी चूक ठरू शकते, हे काकूंना मी दोनदा सांगितलं. अमेरिकेत २००४ मध्ये एमडीएससाठी हे पहिलं एपिजेनेटिक औषध मंजूर झालं. अतिजोखमीच्या एमडीएसच्या ३५८ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये आले: नेहमीच्या उपचारांवर निम्मे रुग्ण १५ महिन्यांपेक्षा जास्त जगले, अ‍ॅझासिटिडीनवर साडेचोवीस महिन्यांपेक्षा. आज भारतीय कंपन्याही ते बनवतात.

मग याला केमो म्हणायचं का? रुग्णालयाच्या डेकेअरच्या कागदावर केमोच लिहिलेलं असतं, आणि रक्तातल्या पेशी खाली येणं, मळमळ, बद्धकोष्ठता हे सगळं होतं, म्हणून काळजी केमोसारखीच घ्यायची.

अकरा भावंडं आणि एकच किल्ली

अ‍ॅझासिटिडीन हे ढोबळ हत्यार आहे, कारण मिथिल नेमके कोणत्या जनुकावरून जातील हे आपल्या हातात नसतं. पुढची पायरी म्हणजे एकाच एन्झाइमला धरणारं, निवडक औषध. ते किती अवघड आहे हे एचडॅकच्या गोष्टीतून कळतं.

१९७१ मध्ये शार्लट फ्रेंड यांच्या लक्षात आलं की डीएमएसओ नावाच्या साध्या द्रावकात उंदराच्या ल्युकेमियाच्या पेशी वाढायच्या थांबतात आणि रक्तपेशींसारख्या पक्व होऊ लागतात. डीएमएसओ औषधांच्या कुठल्याही प्रयोगशाळेत कोपऱ्यात पडलेलं असतं. पॉल मार्क्स आणि रोनाल्ड ब्रेस्लो यांनी त्या धाग्यावरून वर्षानुवर्षं रेणू बनवले, सुधारले. गंमत नव्हे, चिकाटी म्हणते मी, कारण त्यांचा रेणू शरीरात नेमकं कुणाला धरतो हे त्यांना कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. १९९६ मध्ये स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने पहिलं मानवी एचडॅक वेगळं काढलं, मग उलगडा होत गेला. १९९९ मध्ये स्फटिकाच्या क्ष-किरण चित्रात रेणू एन्झाइमच्या खाचेत बसलेला दिसला. २००६ मध्ये तो व्होरिनोस्टॅट नावाने त्वचेच्या एका लिम्फोमासाठी (पांढऱ्या रक्तपेशींपासून होणारा कर्करोग) मंजूर झाला. म्हणजे पस्तीस वर्षं.

पण एचडॅक हे एक एन्झाइम नाही. माणसात अशी अठरा आहेत. त्यातल्या अकरांच्या कामाच्या खाचेत तळाशी जस्ताचा एक अणू बसलेला असतो. व्होरिनोस्टॅट आपल्या चिमट्याने हा जस्त पकडतो. आता एखाद्या सोसायटीत बिल्डरने अकराही फ्लॅटना एकाच बनावटीची कुलपं बसवलीत, असं समजा. तुम्हाला फक्त एका फ्लॅटच्या कुलपात तुटकी किल्ली अडकवून ते बंद पाडायचंय. व्होरिनोस्टॅट ही किल्ली त्यातल्या बऱ्याच कुलपांत जाऊन अडकते.

त्याने काय बिघडतं? या भावंडांची कामं अगदी वेगळी आहेत. एचडॅक१ नसलेली उंदराची पिल्लं गर्भातच मरतात. एचडॅक६ नसलेले उंदीर जगतात, वाढतात. ते एन्झाइम बहुतांशी केंद्रकाबाहेर, पेशीच्या सांगाड्यावर काम करतं. सगळ्यांना एकदम अडवलं की प्लेटलेट घसरतात, जुलाब होतात, कमालीचा थकवा येतो. मग डोस कमी करावा लागतो, आणि ज्या एन्झाइमसाठी औषध दिलं तेच पुरेसं अडत नाही.

निवडक किल्ली कशी घडवतात

रेणूचे तीन भाग धरा: तळाशी चिमटा, मध्ये दांडा, वर टोपी. खाच आतून सारखी असली तरी तिचं तोंड आणि आसपासचा भाग प्रत्येक भावंडात थोडा वेगळा असतो. एचडॅक६चं तोंड रुंद आहे, म्हणून रुंद, आडवी टोपी त्याच्यात बसते, इतरांत अडखळते. एचडॅक१ आणि २ मध्ये जस्ताच्या पलीकडे एक छोटं तळघर आहे. चिमट्याचं टोक बदलून तळघरात पाय सोडणारा रेणू केला, तर तो मुख्यतः या गटालाच धरतो. तो सावकाश बसतो आणि उठायलाही तासन्‌तास लावतो. चीनमध्ये २०१४ च्या अखेरीस मंजूर झालेलं टुसिडिनोस्टॅट याच घडणीचं आहे.

प्रयोगशाळेत आम्ही एक आकडा सतत बघायचो: एन्झाइमचं निम्मं काम थांबवायला औषध किती लागतं. हव्या असलेल्या एन्झाइमला एक भाग आणि भावंडांना हजार भाग लागले, तर निवड हजारपट. टोपीवर एक मिथिल वाढवा, मोजा. क्लोरिन लावा, मोजा. नायट्रोजन एक घर सरकवा, मोजा. शेकडो रेणू असे जातात, आणि ज्या दिवशी हजारपट मिळते त्या दिवशी लॅबमध्ये पेढे येतात.

पण नळीतला आकडा पेशीत टिकेलच असं नाही. पेशीत ही एन्झाइम एकटी नसतात, पाच-दहा प्रथिनांच्या टोळीत बसलेली असतात, आणि टोळी बदलली की तोच रेणू वेगळ्या जोराने बसतो. शिवाय आपण ज्याकडे बघतच नव्हतो असं काहीतरी औषधाने धरलेलं असू शकतं. २०२२ मध्ये असंच दिसून आलं. एचडॅकसाठी वर्षानुवर्षं वापरलेले कित्येक रेणू एमबीएलएसी२ नावाच्या, एचडॅक नसलेल्याच एन्झाइमला पकडत होते. त्यातही जस्तच असतो, चिमट्याला तेवढं पुरतं. माझ्यासारख्यांना ही बातमी जिव्हारी लागली. ‘निवडक’ हा शब्द आपण जेवढं तपासलं तेवढ्यापुरताच खरा असतो.

हे मूलभूत काम आपल्याकडेही चालतं. इथे खारघरच्या सेक्टर २२ मधल्या, टाटा मेमोरियल सेंटरच्या अ‍ॅक्ट्रेक या संशोधन केंद्रात, जिथे सकाळपासून गावोगावचे रुग्ण फायली घेऊन येतात, त्याच आवारात हिस्टोनवरच्या खुणा कर्करोगात कशा बदलतात यावर संशोधन होतं.

फक्त बिघडलेल्यालाच धरणारं औषध

निवडकपणाचं माझ्या मते सर्वांत देखणं उदाहरण आयडीएच या एन्झाइमचं. निरोगी पेशीत ते ऊर्जेच्या साखळीतलं साधं काम करतं. अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या साधारण पाचांतल्या एका रुग्णात आयडीएच१ किंवा आयडीएच२ च्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो आणि एन्झाइम भलताच पदार्थ बनवू लागतं. हा पदार्थ मिथिल पुसणाऱ्या एन्झाइमांच्या खाचेत जाऊन बसतो. पुसणारेच अडकल्यामुळे मिथिल साचत जातात आणि पेशी कायमच्या कच्च्या राहतात.

इथे कुलूपच वेगळं झालेलं असतं. एनासिडेनिब (२०१७) आणि आयव्होसिडेनिब (२०१८) या गोळ्या बिघडलेल्या एन्झाइमलाच धरतात, निरोगी भावाला बहुतांशी सोडून देतात. भलता पदार्थ बनणं थांबतं, आणि कच्च्या पेशी मरण्याऐवजी मोठ्या होऊ लागतात. त्याचाच एक धोका आहे. हजारो पेशी एकाच वेळी पक्व होऊ लागल्या तर ताप येतो, दम लागतो, अंगावर सूज चढते. हे लगेच ओळखून स्टेरॉइड द्यावं लागतं, म्हणून या गोळ्यांवर असलेल्या रुग्णाने दम लागणं अंगावर काढू नये.

आणि जनुकात तो बदल नसेल, तर या गोळीला धरायला कुलूपच नाही. म्हणून आधी तपासणी, मग औषध.

जितकं निवडक, तितकं चांगलं?

मीही बरीच वर्षं तसंच समजत होते. ईझेडएच२ ने माझं मत बदललं.

हे एन्झाइम हिस्टोनच्या एका ठरावीक जागी मिथिल लावून बासन आवळतं. काही लिम्फोमांत त्याच्या जनुकात बदल होऊन ते अतिउत्साहाने काम करतं, हे २०१० मध्ये कळलं. टॅझेमेटोस्टॅट हे त्याला अडवणारं औषध २०२० मध्ये अमेरिकेत आधी एका दुर्मीळ सार्कोमासाठी (मऊ ऊतींचा कर्करोग) आणि मग फॉलिक्युलर लिम्फोमासाठी मंजूर झालं. लिम्फोमाच्या चाचणीत जनुकात बदल असलेल्या रुग्णांपैकी ६९ टक्क्यांच्या गाठी लक्षणीय कमी झाल्या, बदल नसलेल्यांत ३५ टक्क्यांच्या. सार्कोमात मात्र ६२ पैकी साधारण १५ टक्क्यांच्याच.

पण ईझेडएच२ ला ईझेडएच१ नावाचा भाऊ आहे. एकाला अडवलं की काही पेशींत दुसरा त्याचं काम उचलतो. म्हणून जपानमध्ये २०२२ मध्ये टी-पेशींच्या एका ल्युकेमियासाठी मंजूर झालेलं व्हॅलेमेटोस्टॅट मुद्दाम दोघांनाही धरतं. अकरा कुलपांत अडकणारी किल्ली वेगळी आणि विचार करून दोनच कुलपांसाठी घडवलेली किल्ली वेगळी.

औषधानेच दुसरा कर्करोग होणार नाही ना?

हा प्रश्न काकूंच्या मुलाने विचारला, आणि तो योग्य आहे. लिम्फोमात ईझेडएच२ खलनायक असलं, तरी एमडीएस आणि टी-पेशींच्या काही ल्युकेमियांत तेच एन्झाइम निकामी झालेलं सापडतं, म्हणजे तिथे ते रखवालदार असतं. टॅझेमेटोस्टॅट घेणाऱ्या थोड्या रुग्णांना नंतर रक्ताचा दुसरा कर्करोग झाला, आणि त्याचा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात दिला गेला. ज्याच्यापुढे वाढता लिम्फोमा उभा आहे त्याच्यासाठी असा धोका पत्करण्याजोगा आहे का, हा हिशेब असतो. तो हिशेब रुग्णाला समजावून, त्याच्यासमोर मांडला गेला पाहिजे.

हळदीने हेच होत नाही का?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की हळदीतलं कर्क्युमिन एचडॅकही अडवतं आणि डीएनएमटीही. काचेच्या नळीत ते खरंच डझनावारी एन्झाइमांवर परिणाम करताना दिसतं. वर किल्लीबद्दल जे वाचलंत, त्यावरून ही खुशखबर का नाही ते लक्षात येईल. शिवाय ते रक्तात फारच थोडं शोषलं जातं, आणि कित्येक चाचण्यांच्या मोजमापातच घोळ घालतं. जेवणातली हळद खुशाल खा. उपचार चालू असताना हळदीच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका.

तोंडाचा, स्तनाचा, फुप्फुसाचा कर्करोग?

आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग इतका आहे, त्यामुळे हा प्रश्न येतोच. आजवरचं यश मुख्यतः रक्ताच्या कर्करोगांत आहे. ज्या पेशी पक्व व्हायच्या थांबल्यात त्यांना पुढे ढकलता येतं. घट्ट गाठींत बिघाड अनेक थरांचा असतो आणि औषध आतपर्यंत पोहोचणंही कठीण. अपवाद तयार होत आहेत. मेंदूच्या संथ वाढणाऱ्या, आयडीएच बदललेल्या ग्लायोमासाठी व्होरासिडेनिब २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. दुसरा प्रयत्न पीआरएमटी५ या एन्झाइमवर चालू आहे. कर्करोगांपैकी दहा ते पंधरा टक्क्यांत एमटीएपी नावाचं जनुक गळून गेलेलं असतं, आणि त्यामुळे पेशीत एक विशिष्ट पदार्थ साठतो. नवे रेणू तो पदार्थ शेजारी असेल तरच पीआरएमटी५ला पकडतात. निरोगी पेशीत तो पदार्थ जवळपास नसतो, त्यामुळे तिथलं काम चालू राहतं. एन्झाइम दोन्हीकडे तेच असूनही निवड साधायची ही युक्ती मला फार आवडते. तिच्या चाचण्या अजून चालू आहेत.

काकांचा रिपोर्ट

काकांच्या जनुकांचा रिपोर्ट चौथ्या फेरीनंतर हातात आला. काकूंनी तो माझ्यापुढे ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. टीईटी२. “हे पुसणाऱ्यांपैकी ना?” त्यांनी बरोबर ओळखलं होतं. टीईटी२ डीएनएवरचे मिथिल पुसायला मदत करतं, आणि काकांच्या पेशींत ते निकामी झालेलं आहे.

“मग त्याच्यावर गोळी आहे का, त्या दुसऱ्या आजारासारखी?”

नाही. या लेखातली सगळी औषधं अडवणारी आहेत. जे एन्झाइम आधीच बंद पडलंय त्याला अडवून काय मिळणार? ते पुन्हा चालू करणारा रेणू घडवणं फार वेगळं आणि कितीतरी अवघड काम आहे. पण पुसणारा निकामी असेल, तर लावणाऱ्याला आवरणं हा एक मार्ग उरतो, आणि अ‍ॅझासिटिडीन तेच करतं. टीईटी२ बदललेल्या रुग्णांना त्याचा थोडा जास्त उपयोग होतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे.

काकूंनी रिपोर्टच्या त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. पाचवी फेरी सोमवारी सुरू होतेय. शनिवारी-रविवारी डेकेअर बंद, म्हणून सोमवार ते शुक्रवार पाच इंजेक्शनं आणि उरलेली दोन पुढच्या सोमवारी-मंगळवारी. असं दिलं तरी चालतं का, हेही त्यांनी विचारून घेतलं. चालतं.